एक्केचाळिसाव्या वर्षीचं बाळंतपण

सुरुवातीलाच सांगते. तुमचं अंगावरून जाणं दहा-दहा दिवस थांबत नसेल तर हे वाचत बसू नका, आधी दवाखान्यात जा. वाचायला काय, मागूनही वाचता येतं. मी दीड वर्ष गेले नाही. आज वांग्यावर फवारणी आहे, उद्या बाजार आहे, परवा मोटर जळाली आहे. बाईचं दुखणं नेहमी परवावर जातं. माझं इतकं गेलं की अंगातलं रक्त सहावर आलं आणि मी चोरून कच्चे तांदूळ खायला लागले. मूठभर तांदूळ पदरात बांधून घ्यायचे आणि मेथी खुडता खुडता कुरुकुरु चावायचे. रक्त कमी झालं की असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, आपल्याला या वयात चटक लागली.

मी नंदा. आसेगावच्या अलीकडे आमचं दीड एकराचं भाजीपाल्याचं वावर आहे. वांगी, मेथी, पालक, आणि सांभार, ज्याला तुम्ही कोथिंबीर म्हणता. आमचं म्हणजे माझं आणि रेखाचं. आम्ही दोघी नऊ वर्षांपासून एका घरात राहतो. मैत्रिणी म्हणून नाही, मानलेल्या बहिणी म्हणूनही नाही. नवरा-बायको जसे एकमेकांचे असतात तशा आम्ही दोघी बायका एकमेकींच्या आहोत. यापेक्षा सोपं करून मला सांगता येत नाही.

श्रावणी आमची लेक. ती रेखाच्या पोटची. रेखाचा नवरा पुण्याला कामाला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला, मग फारकत झाली. रेखा माझ्याकडे वांगी तोडायला यायची तेव्हा पोट्टीला बांधावर लिंबाखाली खेळायला सोडायची. ती पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहिली ती माझा पदर धरून. हे रेखाही कबूल करते.

घरात श्रावणी मला नंदाई म्हणते. नंदा आणि आई, तिनं तिचंच जोडून घेतलं. पण उंबऱ्याबाहेर मी नंदामावशी. हा नियम माझा. तीन वर्षांची होती तेव्हा शिकवला, तेव्हापासून ती चप्पल घालताना नाव बदलायची आणि चप्पल काढताना परत बदलायची. एकदाही चुकली नाही. मला त्याचं लय कौतुक वाटायचं, ही माझी अक्कल.

तपासायच्या टेबलावर

एका शनिवारी मंगरूळपीरच्या बाजारात मी उभ्या उभ्या खाली बसले. वांग्याच्या ढिगावरच बसले. शेजारच्या बाईनं तोंडावर पाणी मारलं. सोमवारी सकाळी सहाला रेखानं मला एसटीत बसवलं आणि वाशिमला नेलं. रस्ताभर माझा दंड धरून बसली होती, जशी काही मी चालत्या गाडीतून उडीच मारणार होते.

आता आमची चूक सांगते. ही चूक फक्त आमच्यासारखेच लोक करू जाणोत. केसपेपरच्या खिडकीवर रेखानं सांगितलं, "मी हिची बहीन." रक्त काढणाऱ्या ताईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "भावजय हाये." आणि सोनोग्राफीच्या दारात त्या बाईनं "सोबत कोण" म्हटलं, तर दोघी एकाच वेळी बोललो. रेखा म्हणाली मामेबहीण, मी म्हटलं शेजारीण. नऊ वर्षं खोटं बोलत आलो, पण आज कोणतं बोलायचं हे काही आम्ही ठरवून आलो नव्हतो.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, बोलायला कडक. त्यांनी न बघताच विचारलं, "मुलं किती?"

मी म्हटलं, "नाही." त्याच दमात मागून रेखा म्हणाली, "एक."

मॅडमनी मान वर केली. मला वाटलं सावरून घ्यावं. म्हटलं, "हो जी, एक. मुलगी हाये."

"नॉर्मल की सिझर?"

आता मला काय माहीत. रेखा म्हणाली, "नॉर्मल जी. पन लय तरास झाला. दोन दिवस कळा होत्या."

"त्रास यांना झाला की तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

मग त्यांनी मला टेबलावर घेतलं. तपासलं आणि हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "या बाईला बाळंतपण झालेलं नाही. मला खोटी माहिती दिली तर नुकसान तुमचं आहे, माझं नाही. आता मला खरं सांगा, या तुमच्या कोण?"

मी म्हटलं, "ती माझी घरची आहे जी. आम्ही सोबत राहतो. नवरा-बायको राहतात तशा. पोरगी तिच्या पोटची आहे आणि आमच्या दोघींची आहे."

हे मी नऊ वर्षांत कोणासमोर बोलले नव्हते. बोलले ते कुठं, तर टेबलावर, पाय वर करून, कमरेवर हिरवं कापड घेऊन. रेखा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मॅडमनी फाईल जवळ ओढली. "बरं. मग सही याच करतील. नात्याच्या जागी काय लिहू?"

रेखा वळली. म्हणाली, "लिहा जी, सोबत राह्यते."

मॅडमनी तसंच लिहिलं. मग मला उठवून खुर्चीत बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. पिशवीत गाठी आहेत, बऱ्याच आहेत. पिशवी काढावी लागेल. एक गाठ त्यांना पसंत नव्हती, ती तपासायला पाठवायची. "साधी असायचीच शक्यता जास्त आहे," त्या म्हणाल्या, "पण रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी शब्द देत नाही. आणि आधी रक्त भरावं लागेल."

बाहेर येऊन आम्ही दोघींनी उसाचा रस घेतला. रेखा म्हणाली, "पाह्यलं, खरं बोललो तं एकच सांगा लागलं." आणि रस पिता पिता रडायला लागली.

सुतक

ऑपरेशनला दोन आठवडे होते. मधल्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसायचे. मला मरायची भीती वाटत होती, हे सरळ सांगते. पण त्या भीतीतली खरी भीती वेगळीच होती. ती एका दुपारी मेथीच्या जुड्या बांधताना तोंडातून निघाली.

"मी मेली तं श्रावणीले सुतकसुद्धा नाही लागनार," मी म्हटलं.

सुतक कोणाला लागतं, ज्याचं नातं आहे त्याला. मी तिच्या अंगाला तेल लावलं, तिला पाढे शिकवले, गोवर आला तेव्हा आठ दिवस उशाशी बसले. पण मी मेले असते तर ती बाराव्या दिवसाआधी शाळेत गेली असती आणि कोणी "काहून आली" म्हटलं नसतं. मावशी मेली असती, तीही मानलेली. आणि तो नियम मीच केला होता.

मला या शब्दाचा डंख जुना होता. माझी माय मेडशीला राहते, माझ्या भावाकडे. नऊ वर्षांपूर्वी रेखा माझ्या घरी राहायला आली तेव्हा माय एकदा येऊन गेली. दारातच उभी राहिली, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "आजपासून तुहं-आमचं सोयर-सुतक नाही." म्हणजे तुमच्याकडे कोणी जन्मलं तरी आम्हाला विटाळ नाही, कोणी मेलं तरी नाही. तिनं शब्द पाळला. नऊ दिवाळ्या पाळला.

रेखानं हातातली जुडी माझ्या अंगावर फेकली. "तुले मराची येवढी घाई झाली तं जाय. पन आंदी ह्या जुड्या बांध, उद्या बाजार हाये."

मग तिनंच त्या सगळ्या बांधल्या. मी नुसती पाहत बसले. श्रावणी पलीकडे गोणपाटावर बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. तिनं ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. तिनं वाशिम जिल्हा पुरा निळा करून टाकला होता.

बाकावरचे नवरे

दवाखान्याबद्दल लोक वाईटच जास्त सांगतात, म्हणून मी चांगलं सांगते. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नव्हते. भेटायची वेळ झाली की सिस्टर टाळ्या वाजवायच्या आणि सगळे नवरे गरीब तोंड करून बाहेर जाऊन बाकावर बसायचे. पेशंटजवळ एक बाई थांबलेली चालायची. म्हणजे त्या आख्ख्या वॉर्डात जिचं माणूस चोवीस तास तिच्या उशाशी होतं अशी मी एकटी.

शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, "तुमच्या मालकाले नाही आनलं?"

मी म्हटलं, "आनलं ना." आणि रेखाकडे पाहिलं. रेखा माझी वेणी घालत होती. तिनं माझे केस असे ओढले की डोळ्यांत पाणी आलं. पण त्या बाईनं आम्हा दोघींना नीट न्याहाळलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग बरं हाये वो तुमचं. आमच्याले तं पान्याचा गिलासही देता येत नाही."

श्रावणीला घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून ती सोबतच होती. पण लहान मुलांनाही वॉर्डात मनाई. मग ती बाहेर बाकावर, त्या नवऱ्यांमध्ये. एक मूल आणि सहा नवरे. दोन दिवसांत तिनं सगळ्यांची माहिती काढली. कोणाच्या बायकोचं काय काढणार, कोणाला स्वयंपाक येतो, कोणाला नाही. एकाला तिनं खिचडी कशी टाकायची ते सांगितलं, प्रमाणासकट. नवरेही तिला विचारायचे, "तुही कोन हाये आत?" ती काय सांगत होती ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा गाऊन घातला, बांगड्या काढल्या. बांगड्या रेखानं स्वतःच्या हातात चढवल्या, तिच्या चार आणि माझ्या चार. नेताना दार उघडलं तर श्रावणी बाकावरून उठून आली. सिस्टर म्हणाल्या, "एकच मिनिट." श्रावणीनं माझ्या पायाचा अंगठा धरला. नुसता अंगठा दाबला, आणि गाडी पुढे सरकली तशी दोन पावलं चालत आली. मी देवाला म्हटलं, काय करायचं ते कर, पण या पोट्टीचा हात असा सुटायला नको.

शुद्धीवर आले तेव्हा तोंड कोरडं ठाक आणि पोटावर कोणी पाटा ठेवल्यासारखं. पहिलं ऐकू आलं ते रेखाचं भांडण. सिस्टरला सांगत होती, "पानी नोको देऊ म्हन्ता, पन ओला कापूस तं फिरवू द्या ओठावर." फिरवू दिला. त्या ओल्या कापसाचा गारवा मला अजून आठवतो. जगातली मोठी सुखं लय लहान असतात.

रजेचा अर्ज

तिसऱ्या दिवशी रेखाच्या फोनवर श्रावणीच्या शाळेतल्या मॅडमचा फोन आला. रेखानं स्पीकरवर घेतला, कारण तिच्या एका हातात माझी पेजेची वाटी होती.

"श्रावणीच्या घरून बोलता का? आईची तब्येत कशी आहे आता?"

रेखा म्हणाली, "मी ठीक हाव जी. मले काय झालं?"

"तुमचं ऑपरेशन होतं ना?"

"माहं? नाही जी."

मग मॅडमनी कागद वाचून दाखवला. श्रावणीनं रजेचा अर्ज स्वतःच लिहून दिला होता, आम्हाला न विचारता. माझ्या आईचे पोटाचे ऑपरेशन आहे, ती आजारी आहे व मला तिच्याजवळ राहायचे आहे, तरी मला सहा दिवसांची रजा मिळावी ही विनंती. मॅडम म्हणाल्या, "मुलगी कधी खोटं बोलत नाही, म्हणून विचारलं."

रेखाच्या हातातली वाटी कलंडली. पेज सांडली चादरीवर. मला वाटलं, झालं, आता शाळेत, मग गावात. माझ्या टाक्यांना कळ लागली. रेखा उठली, दार उघडून बाहेर गेली आणि फोन श्रावणीच्या हातात दिला. आत मला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, खोटं नाही," श्रावणी म्हणाली. "मले दोन हायेत. ही फोनवाली पहिली. ऑपरेशन दुसरीचं हाये."

बाकावरचा एक नवरा म्हणाला, "हो मॅडम, आमाले माहीत हाये." म्हणजे तिनं त्या सगळ्यांना सांगून झालं होतं.

मॅडमनी काय म्हणावं असं तुम्हाला वाटतं? त्या म्हणाल्या, "मग अर्जात तसं लिहायला हवं होतं, श्रावणी. कोणत्या आईचं, ते स्पष्ट नको का? आल्यावर दुरुस्त करून दे. आणि नातेवाइकांची वाक्यं पाच लिहून आण, तो धडा झाला आहे."

रेखा आत आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मला हसायचं नव्हतं, टाके ताणत होते. मी उशी पोटाशी दाबून धरली आणि हसले. ज्यांचं पोटाचं ऑपरेशन होणार आहे त्यांना सांगते, उशी जवळ ठेवा. खोकला येतो तशी चांगली बातमीही येते.

माय

घरी आले तर दारात माय.

पायरीवर बसली होती, शेजारी दोन पिशव्या. पहिल्या एसटीनं मेडशीहून निघाली होती. रेखानं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला न सांगता तिला फोन केला होता. नुसतं एवढंच सांगितलं, "तुमच्या लेकीच्या पोटाचं ऑपरेशन हाये," आणि फोन ठेवून दिला होता, शिव्या ऐकायला लागू नये म्हणून.

मी म्हटलं, "काहून आली व माय?"

"पोट फाडलेल्या लेकीले सव्वा महिना कोन पाहन?" ती म्हणाली. "सरक, उन्हात नोको उभी राहू."

पिशव्यांतून डिंक निघाला, खारीक निघाली, खोबरं, मेथ्या, अळीव, ओवा, सुंठ. आणि सगळ्यांच्या खाली एक जुनं लुगडं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. तिनं उभ्या उभ्या त्याच्या पट्ट्या फाडल्या. मी तोंड वासून पाहत होते. बाळंतिणीच्या पोटाला बांधायच्या पट्ट्या होत्या त्या.

"माय, माहं बाळंतपन नाही झालं. पिशवी काढली."

"मले अक्कल नोको शिकवू. पोटातून काई बाहेर आलं ना? पोट मोकळं झालं ना? मंग वारं शिरते. कान बांध."

आणि माझं बाळंतपण सुरू झालं. कानाला फडकं, पायात मोजे, सकाळी अळिवाची खीर, दुपारी ताजी भाकर, पण लसणाची चटणीही नाही, तिखट बंद. डिंकाचा लाडू दोन वेळा. खाटेखाली शेगडी ठेवायची म्हणून ती हटून बसली. तिथं रेखाशी तिचं जुंपलं. रेखा म्हणाली, "टाक्याले शेक नाही द्याचा, डॉक्टरनं सांगतलं." माय म्हणाली, "तुह्या डॉक्टरनं किती बाळंतपनं केली?" रेखा म्हणाली, "हजारेक." शेवटी डॉक्टर मॅडमना फोन लावला, पाठीला कोमट पाण्याच्या पिशवीचा शेक चालेल असं ठरलं, आणि दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटलं. पट्टीही मॅडमनी जखमेच्या वर आणि सैल बांधायला सांगितली.

सगळं गोड नव्हतं. माय पहिले चार दिवस रेखाशी माझ्यामार्फत बोलायची. रेखा समोर उभी असताना मला म्हणायची, "तिले म्हन, तूप संपलं." रेखा मला म्हणायची, "त्यायले सांग, फळीवर हाये." मी मध्ये पडून पडून थकले. पाचव्या दिवशी मायनं लाडू वळले आणि ताटलीत दोन वेगळे ठेवले. मी म्हटलं, "हे कोनाचे?"

"तिचे," माय म्हणाली. मग पहिल्यांदा सरळ रेखाकडे पाहिलं. "तुह्या बाळंतपनात कोनी देल्ले होते का लाडू?"

रेखाची आई ती लहान असतानाच गेली. बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी रेखा सोयाबीनच्या शेतात कामाला गेली होती. तिनं मान हलवली.

"खाय मंग," माय म्हणाली. "उशीर झाला म्हून काय, डिंक आंबत नाही."

त्या दिवशी दुपारी ती माझ्या डोक्याला तेल लावत होती. बोटं केसांत फिरवता फिरवता म्हणाली, "तुह्या वख्ताले माह्या मायनं माह्या पोटाले ह्याच लुगड्याचा दुसरा तुकडा बांधला होता. म्या हा ठेवला. म्हनलं, नंदाचं बाळंतपन म्या करीन. चाळीस वर्सं पेटीत होता. तू तं आपली वांगी लावत बसली." परत बोटं तेलात बुडवली. "दारात येऊन बोलली ते मले रोज आठवे. पन मांगं कसं घेऊ, ते समजे नाही."

मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि तिनं माझ्या पोटाशी उशी दाबून धरली.

रिपोर्ट बाराव्या दिवशी आला. आणायला रेखा गेली. मी खाटेवर, माय चुलीशी, श्रावणी दारात. तिला शाळेत जायचं होतं, दप्तर पाठीवर होतं, पण ती हलत नव्हती. साडेअकराला फोन वाजला. मायनं चुलीपुढून उठून उचलला. तिनं ऐकलं, "बरं," म्हणाली आणि ठेवला.

"साधी हाये म्हन्ते," ती म्हणाली आणि माझ्या खिचडीवर तुपाची अख्खी पळी ओतली. मग चुलीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत राहिली. श्रावणी शाळेत गेलीच नाही. मॅडमना दुसऱ्या दिवशी अर्ज दिला: माझ्या दुसऱ्या आईचा रिपोर्ट चांगला आल्यामुळे मला शाळेत येता आले नाही.

विहीर

आमच्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण पहिल्यांदा विहिरीवर जाते. पाणी पुजते, घुगऱ्या वाटते, आणि मग तिचा विटाळ फिटतो. मायनं दिवस मोजून ठेवले होते. मी म्हटलं, बस झालं आता, लोक हसतील. ती म्हणाली, "नऊ वर्सं मीच तं लोकायचं आयकलं. काय भेटलं?"

आमची विहीर रस्त्याला लागून आहे. आसेगावकडे जाणारी सगळी माणसं तिथूनच जातात. मायनं सकाळीच हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. विहिरीच्या काठाला हळद-कुंकू लावलं. मला जड उचलायचं नव्हतं म्हणून कळशी रेखानं भरली. मायनं माझी ओटी भरली, खण, नारळ, गहू. मी लग्न केलेलं नाही, माझी ओटी जन्मात कोणी भरली नव्हती. मग ती रेखाकडे वळली आणि तिचीही भरली.

"आता लेकरू घे मांडीवर," ती मला म्हणाली.

रेखा सासूला हाक मारतात तशी म्हणाली, "अवो आत्या, अठ्ठावीस किलोची हाये ती. टाके तुटतीन."

"उचल कोन म्हन्ते? बस खाली. ती येईन."

मी काठाच्या चौथऱ्यावर बसले. श्रावणी आली आणि हळूच, पोटाला धक्का न लागू देता, नुसतं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. मायनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. आणि तेव्हा श्रावणी झोपल्या झोपल्या म्हणाली, "आजी, नंदाई मेली तं मले सुतक लागते का?"

म्हणजे त्या दिवशी तिनं ऐकलं होतं. जवळजवळ दोन महिने पोटात ठेवलं होतं. माझा हात तिच्या केसांत तसाच थांबला. रेखानं कळशी खाली ठेवली.

मायनं श्रावणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला तिचा तो दारातला शब्द आठवला असणार. मला तरी आठवला.

"ज्याचं सोयर लागते त्याचं सुतक लागते," ती म्हणाली. "म्या ह्या घरात सव्वा महिना सोयर पाळलं. देवाले दिवा नाही लावला, पाह्यलं नाही तुमी? तुहं सोयर होतं ते, नंदाच्या लेकीचं. मंग सुतक लागनच. पन ते शंभर वर्सानं. आता उठ, घुगऱ्या वाट."

खरंच, त्या सव्वा महिन्यात तिनं देवळीत दिवा लावला नव्हता. मला वाटलं होतं विसरते.

श्रावणी उठली. घुगऱ्यांचं पातेलं कडेवर घेतलं आणि चप्पल घालून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. शाळेला जाणारी पोरं, दूधवाले, बाजारचे लोक. एका म्हाताऱ्यानं सायकल थांबवून विचारलं, "कायच्या व घुगऱ्या?"

"आमच्या नंदाईच्या," ती म्हणाली. "घ्या. आज आमचं सोयर फिटलं."

म्हाताऱ्यानं ओंजळ पुढे केली. रेखानं माझ्याकडे पाहिलं. श्रावणीच्या पायात चप्पल होती आणि ती भर रस्त्यात उभी होती. मी तिला टोकलं नाही. मी विहिरीच्या काठावर बसून ओटीतले गहू सांभाळत होते, आणि ती पुढच्या माणसाला हाक मारत होती.